भाषणातला बकरा अन् घरातला कापूस

माहा जन्म ढाणकीचा, पिंजाऱ्याच्या घरचा. बाप कमानीनं कापूस पिंजे, गाद्या-रजया भरे, अन् मी त्याच्या बाजूले बसून गिऱ्हाइकायच्या नकला करे. बाप म्हणे, रशीद, तुही सारी कला तोंडालेच गेली रे, हाताले काहीच नाई उरली. म्हून मंग मी जळलेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भराचं काम शिकलो, अन् लग्न झाल्यावर सासुरवाडीले, इथं फुलसावंगीत, दुकान टाकलं. माह्या बायकोले, जमिलाले, तिच्या बापानं तीन एकर वावर दिलतं. वावर तिचं, कापूस तिचा, पेरणीपासून वेचणीपर्यंत मेहनत तिची. माहं काम फक्त बोलाचं.

अन् काय सांगू तुमाले ताई, ते सालं कशी होती! एका साली कापसाचा भाव आभाळाले टेकला. ज्यानं होळीपर्यंत ठेवला त्यानं मोटारसायकल आणली, ज्यानं दिवाळीत विकला तो बायकोच्या शिव्या खात बसला. मंग पुढच्या साली साऱ्यायनंच ठेवला. अन् भाव काही हलेना, हलला तं खालीच. त्यातच जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आमचे उमेदवार मनोहरभाऊ, माणूस भला, पण माइक हातात आला का घाम फुटे, म्हून त्यायच्या आधी मले उभं करत. विरोधात केशवराव काका. त्यायचं गावोगाव एकच सांगणं, कोनी कापूस विकू नका, घरात ठेवा, जितके दिवस ठेवसान तितका भाव वाढन.

आता असं गिऱ्हाईक हाती लागल्यावर मी सोडतो काय! मी खांद्यावरचं उपरणं झटके, डोळे मिटे, काकाच्या आवाजात तेच बोले, अन् मंग माह्या आवाजात विचारे, काहो, बकरी ईदीच्या आदल्या दिवशी बकऱ्याले भाव काय? लोक म्हणत, मागन तो. अन् ईद झाल्यावर दुसऱ्या दिवशी? लोक हसाले लागत. मंग मी म्हणे, काका तुमाले सांगून राह्यले का सारे मिळून बकरे दुसऱ्या दिवशी आणा! अरे, साऱ्या तालुक्यानं एकाच दिवशी कापूस बाहेर काढला तं व्यापारी तुमच्या पाया पडन का पाय पसरून बसन? इतकं तं माह्या बकरीलेही समजते, फक्त तिले कोनी तिकीट देत नाई. अन् शेवटी मी कापूस घरात ठेवलेल्या माणसाची नक्कल करे. ठेवलेल्या कापसात बारीक कीड होते, घरभर खाज सुटते. मी मान खाजवे, पाठ खाजवे, खाजवत खाजवत काकाले मत द्याले जाये. लोक हसून हसून खाली बसत.

पण जे मी कोनाले सांगितलं नव्हतं ते आता सांगतो. माह्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता.

ठेवाले मीच लावला होता. झालं असं का, नक्कल पक्की व्हाव म्हून मी महागावले काकाची सभा ऐकाले गेलतो. गेलतो चोर म्हून, आलो चेला होऊन. म्हाताऱ्याची वाणीच तशी. घरी येऊन जमिलाले म्हटलं, थांब, इतक्यात विकू नको. ती म्हणे, अजी, सारेच थांबून राह्यले, कायले थांबाचं? मी म्हटलं, तुले काय समजते. अन् दुसऱ्या दिवसापासून मी त्याच काकाची टवाळी करत हिंडाले लागलो.

झालं मंग. विकाव तं महागावच्या बाजारात काकाचे लोक बसलेले, पाहतीन अन् म्हणतीन, मिस्त्री, तुमचा बकरा आज निघाला काय? न विकाव तं भाव रोज खाली. रात्री पोरं खाजवत, दिवसा मी. जमिला म्हणे, जे साऱ्या तालुक्याले सांगता ते आपल्या घरात काहून नाई सांगत? मी म्हटलं, निवडणूक होऊ दे, मंग विकू. ती म्हणे, निवडणूक झाली का दोन्ही पार्टीचे लोक रिकामे होतीन अन् सारेच गाड्या भरतीन. तुमचा ईदीचा दुसरा दिवस तोच. मी उठून दुकानात गेलो.

शेवटची सभा फुलसावंगीतच, महागावच्या रस्त्याले लागून. आजूबाजूचे पाच-सहा गावं लोटले होते. मी बोलता बोलता बकऱ्याच्या गोष्टीवर आलो अन् पाहतो तं काय, केशवराव काका सोता येऊन पहिल्या रांगेत जमिनीवर बसले. तरी केली नक्कल. पण खाजवाले लागलो अन् हात थांबेचना, ताई! नक्कल संपली, हात चालूच. लोक आधी हसले, मंग हसणं बारीक होत गेलं. काका हळूच उठले. म्हणे, मिस्त्री, नक्कल झ्याक करता तुमी. एकच सांगा, तुमच्या घरचा कापूस कधी विकला?

मनोहरभाऊ माह्याकडं पाहून राह्यले. मानेवर अशी आग सुटली होती, पण मी हात खाली दाबून धरला अन् माइकमधी म्हटलं, दिवाळीत.

भोंगा साऱ्या गावाले ऐकू जाये. आमच्या घरालेही.

तेवढ्यात मांगून ट्रॅक्टरचा हॉर्न. वाट सोडा, वाट सोडा. साळा ट्रॅक्टर चालवून राह्यला अन् ट्रॉलीत कापसाच्या ढिगावर डोक्यावर पदर घेऊन जमिला! रस्त्यावर माणूसच माणूस, ट्रॅक्टर थांबला, अन् ती वरूनच म्हणे, सलाम काका. दिवाळीत नाई, आज विकून राह्यली. सारे लोक इथं सभेत, बाजार रिकामा, आज भाव बरा भेटन. वाट द्या, काटा बंद व्हाच्या आत पोचाचं हाये.

लोक हसतीन असं मले वाटलं. कोनी हसलं नाई. मधल्या रांगेतून एक जण उठला, धोतर झटकलं, म्हणे, बाजार रिकामा हाये काय खरंच? मंग दुसरा उठला. मंग दहा. जमिलानं पाह्यलं अन् भावाले वरडली, हाण रे, हे भरून याच्या आत पोच! ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला, अन् सभा फुटली ताई, जो तो घराकडं पळाला. मंडपात उरलो मी, मनोहरभाऊ अन् काका. काका माह्याजवळ आले. मले वाटलं, आता हा म्हातारा मले जित्ता सोडत नाई. त्यायनं आपल्या सदऱ्याची बाही वर केली. कोपरापर्यंत लाल पुरळ. म्हणे, माह्या घरी दोन खोल्या भरून हायेत.

जमिला पोचली पहिली. तिले भाव भेटला. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या फाटकापासून नाल्यापर्यंत गाड्यायची रांग, अन् दुपारपर्यंत भाव पडला. रांगेत काकाची गाडी होती, मनोहरभाऊचीही होती. निवडणुकीत दोघंही पडले. तिसराच निवडून आला, त्यानं कापसावर एक शब्द काढला नव्हता.

आता कापूस कधी विकाचा ते जमिला ठरवते. लोक विचाराले येतात, ती म्हणते, विकल्यावर सांगीन. मले अजूनही भाषणाले बोलावतात. परवाच एक नवा उमेदवार आलता. जमिला म्हणे, जा, बोला, पण आधी मले बोलून दाखवा. म्हून आजकाल माहं पहिलं भाषण चुलीपुढं होते. ती भाकरी थापता थापता अर्धं कापून टाकते. उरते ते खरं राह्यते, पण त्याले टाळ्या कमी पडतात. चालाचंच. अल्ला तिले उमर देवो अन् तुमाले बरकत देवो. चहा घ्या ताई, थंडा होऊन राह्यला.