पडद्याबाहेरचा आवाज

हॅलो?… हां आसिफा, तृप्तीच बोलून राह्यले… अगं, बरं झालं तूच फोन केलास. सापडला!… तुझ्या अब्बांचा, आपल्या चाचांचा आवाज गं!… खरंच. बिलकुल खरं.

अगं, ऐक ना… तुला तुझ्या लग्नाचा व्हिडिओ दिला ना, त्यात सगळीकडं गाणी टाकल्ती मी. मूळ आवाज गेलाच त्यात. पण कच्चं शूटिंग जुन्या हार्डडिस्कमध्ये होतं… हो, हो, ढीगच. कोणत्या क्लिपमध्ये काय, कशालाच नाव न्हाई.

मंग आता एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर घेतलंय ना… ते स्वतःच क्लिपा बघतं, ऐकतं, आन् लेबल लावतं. हा अमका चेहरा, हे गाणं, हे हसणं… न्हाई, न्हाई, चेहऱ्यांत चाचा कुठंच न्हाई. कुंभार पिंपळगावला तुमच्या घरी मी बायकांकडंच शूटिंग केल्तं ना… ते कशाला आत येतील?… मंग आवाजाची लेबलं उघडली. तुमच्या बकरीला 'रडणं' लावलंय बघ त्यानं!… आन् चाचा कुठं घावले, माहितीय? 'ओरडणं'मध्ये!… तेच तर! साधं बोलले तरी गल्लीला ऐकू जायचं.

तुला मेंदी लावून राह्यल्यात बायका, आन् ते पडद्याबाहेरून… न्हाई, मी न्हाई सांगत. तूच ऐक… अगं, रडू नको ना…

थांब, पण… चाचांना चालंल का? गळ्याच्या ऑपरेशनात गेलेला स्वतःचाच आवाज ऐकायचा… जिवाला लागायचं त्यांच्या… शेजारीच बसलेत? काय म्हणतात?… मान हलवली? हो म्हणून?… बरं. मदीहाला पण घे जवळ. लेकरानं नानांचा आवाज कुठं ऐकलाय कधी… स्पीकर चालू केलास? लावते हां.

'आसू! खाना खाई क्या, बेटा?'

…

हॅलो?… आसिफा?…

कोण बोललं? मदीहा?… काय म्हणली?… 'खाई, नाना, खिचडी खाई'?… अगं बाई! जवाब दिला तिनं!… आन् चाचा?… आसिफा, चाचा काय करून राह्यलेत?…

फोन मागतात? दे, दे जल्दी…

सलाम, चाचा… न्हाई, न्हाई, तरास नका करू, तुमचा श्वास ऐकू येतोय मला… परत लावू का?… टकटक केलं, म्हणजे हो ना?… लावते. तुम्ही मदीहाकडं बघा…

…

ऐकलं, चाचा… मी पण ऐकलं. अजून जोरात सांगितलं तिनं…

हो… हो, चाचा, टकटक ऐकू येतीय… ठेवू मी?… न्हाई, न्हाई, आधी तुम्ही ठेवा…