आयांचा जहाज-क्लब

माझं काम काय, हे भरवेलीच्या आमच्या कॉलनीत कोणाला कळेना, म्हणून एकदा मी सोपं करून सांगितलं. जहाजमालकांचा एक क्लब असतो. एकाच्या जहाजाने दुसऱ्याचं नुकसान केलं की भरपाई सगळे मिळून करतात, आणि त्याची कागदपत्रं मी घरून बघते. बायकांना ते इतकं पटलं की त्यांनी लेकरांसाठी तसाच क्लब काढला. कोणाच्याही पोराने शेजाऱ्याचं काही मोडलं, की साऱ्या आयांनी मिळून भरून द्यायचं. माझा मुलगा नुकताच चालायला लागलेला, त्यामुळे हायसं सगळ्यात जास्त मलाच वाटलं. वर शहाणपणाने अटही मीच घातली, मोठ्यांच्या चुका यात धरायच्या नाहीत.

पहिला दावा माझाच निघाला. मागे वळून दारातल्या मुलाकडे बघता बघता मी स्कूटी शेजारच्या नंदाकाकूंच्या खाटेवर नेऊन आदळली. वाळत घातलेल्या सगळ्या कुरडया मातीत.

"हे त मोठ्यानं केलं," काकू म्हणाल्या. "तूच त म्हणे, ते चालत नाही म्हणून."

"हौ काकू, मी एकटी करून देते," मी म्हटलं. खरं तर मला कुरडईचा चीक कसा काढतात तेही माहीत नाही.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "काहून वाद घालता? सून मले लेकरूच हाय. धरा तिले क्लबात."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं, गहू भिजू घाला साऱ्या जणी," त्या म्हणाल्या. "पण मंग लेकराच्या हाती स्कूटी काहून देली, बाई?"