तेच पान

अतिदक्षता विभागाबाहेर टीव्ही होता, पण मुका. त्यामुळे आत असलेल्या सासऱ्यांसाठी ताटकळलेल्या फरशीवाल्याला ऐकायला शेजारचे बहीणभाऊ तेवढे उरले. आईचा व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा, हे त्यांना आजच डॉक्टरांना सांगायचं होतं. बहिणीच्या मांडीवर आईचं बायबल होतं.

“दादा, प्रभूला विचारून डोळे मिटून उघडलं. परत मेंढपाळाचं स्तोत्र.”

“चिमे, आई रोज तेच वाचायची. बांधणी तिथेच मोडलीय. जमिनीवर टाकलंस तरी तेच पान उघडेल.”

“प्रभू मोडक्या बांधणीतूनही बोलू शकतो.”

“बरं. काय म्हणतो?”

“काळोख्या दरीतून तो पार नेतो. म्हणजे आई वाचणार. नळ्या राहू देत.”

“आणि शेवटी माणूस प्रभूच्या घरी कायमचा राहायला जातो, ते नाही वाचलंस?”

“तुला तर आईला घालवायचीच घाई!”

“घाई असती तर सकाळी तू तोंड धुवायला गेलीस तेव्हा मी गुपचूप उघडलं नसतं.”

“तू? चर्चची पायरी न चढणारा?”

“मीच. दुसरं काहीतरी निघू दे, म्हणून मुद्दाम अगदी मागून उघडलं.”

“मग?”

“पुस्तक हातातच उलटलं. तेच स्तोत्र.”

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. “ठरलं का तुमचं?”

“डॉक्टर, तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतं?” भावाने विचारलं.

“ते मी कसं सांगणार? निर्णय घरच्यांनीच घ्यायचा असतो.”

“बघ दादा,” बहीण म्हणाली, “हेही प्रभूसारखंच, नीट सांगत नाहीत.”