हितेंद्रभाऊंची नक्कल

अन् मला सांगा, भरीत खाताना कुणी गप्प बसतं का हो? जळगावात? शेतातली भरीत पार्टी, काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडाच्या बडगीत ठेचलेलं हिरव्या मिरचीचं भरीत, गरम कळण्याच्या पुऱ्या... अन् आमची अख्खी डाळमिल मान खाली घालून जेवतेय, जसं काही दहाव्याला आलोय! मॅनेजर हितेंद्रभाऊ स्वतः वाढत फिरताहेत, 'घ्या हो सारिकाताई, अरे हसा की जरा!' आता हसा म्हटल्यावर हसू येतं? सारिकाताईंना ठसका लागला तेवढाच. अन् दोष कोणाचा? हितेंद्रभाऊंचाच! हे मी नाही म्हणत, ते बिचारे स्वतःच म्हणत होते, पार्टी ठेवली तीच मुळी त्यापायी.

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे तोताराम होता, वजनकाट्यावर. दुपारचा चहा आला की हा नकला करणार. ट्रकवाल्यांची, मालक दीपचंदशेठची, अन् शेवटी हितेंद्रभाऊंची! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आम्हाला 'हे काय चाललंय? मिल आहे की जत्रा?' अन् लगेच शेठच्या फोनवर, 'जी शेठ... हो शेठ... झालंच समजा शेठ!' हमाल पोतं टाकून हसायचे, अन् मग तेच पोतं हसत हसत उचलायचे. एक दिवस नेमके हितेंद्रभाऊ मागे उभे! झालं... दुसऱ्या दिवशी तोताराम धुळ्याच्या शाखेत. या वयात रोज एसटीने अपडाऊन! बरं, जाताना भांडावं की नाही माणसाने? नुसता नमस्कार करून गेला हो... त्या नमस्काराने हितेंद्रभाऊंची झोप उडाली.

मग काय, मिल सुतकात! हमाल ड्रायव्हरच्या अंगावर, ड्रायव्हर आमच्या अंगावर, हरभऱ्याच्या गाडीत उडीद गेला... दोष कोणाचा? हितेंद्रभाऊंचाच! भाऊंनी काय काय नाही केलं! मोबाइलवरचे विनोद वाचून दाखवले. आम्ही हसलो, मॅनेजर आहेत, हसावं लागतं, पण भाऊ थांबले की हसूही थांबायचं, नळ बंद केल्यासारखं. अन् ते त्यांना कळायचं हो, म्हणून तर वाईट.

शेवटी पार्टी उरकल्यावर उरलेल्या भरिताचा डबा घेऊन निघाले धुळ्याला, मलाही ओढलं, 'गिरधर, एकट्याने तोंड दाखववत नाही रे.' शाखेत पाय ठेवला तर तिथले सगळे पोट धरून हसताहेत, अन् मधोमध तोताराम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर! भाऊ दिसले अन् सगळं चिडीचूप. भाऊंनी डबा पुढे केला. 'तोताराम, चुकलं माझं. सगळ्यांसमोर सांगतो, चुकलं. परत ये.'

तोतारामने डबा उघडला, बोटभर भरीत चाखलं, अन् विचारात पडला.

'येस ना भाऊ. पन तुम्ही आते बठ्ठास्ले गोड बोलतस म्हने... मंग मी नक्कल कोनी करू?'

आता घ्या! भाऊ सगळ्यांशी गोड बोलायला लागले, तर हा नक्कल कोणाची करणार? परत आलाय तोताराम, चहाच्या वेळी मिल दणाणते. पण त्यासाठी रोज सकाळी हितेंद्रभाऊंना आमच्यावर ओरडावं लागतं, काही कारण नसताना! ओरडतात बिचारे, अन् मग केबिनमध्ये जाऊन दिवसभर मनाला लावून घेतात. परवा राहवलं नाही त्यांना, ओरडलेच नाहीत, नुसते गोड हसून आत गेले... तर पाच मिनिटांत सगळे हमाल केबिनच्या दारात, हात जोडून, 'भाऊ, आमचं काही चुकलं का?'

ओरडले मग. काय करता!