मधल्या भिंतीवरची फळी

माझं माहेर मुरबाडच्या तिकडं, डोंगराच्या अंगाला, आमी चौघी बहिणी, भाऊ नाय, म्हणून बाबांच्या हाताखाली मीच. बाबा कुणाकडं शिकलेले नव्हते, पण घरातलं काय मोडलं तर बाजारात धावायचं नाय, आधी हात लावून बघायचा, असा त्यांचा स्वभाव. कारवीच्या काठ्यांची भिंत, आमी कूड बोलतो, ती कशी बांधायची, तिला माती आणि शेण कसं लिंपायचं, चुलीला माती वारुळाची घ्यायची, तिच्यात भाताचं तूस घालून तीन दिवस भिजत ठेवायची, मंग तडा जात नाय, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. शाळा सातवीपरेंत झाली. अक्षर काय वळणदार आलं नाय, पण हाताला वळण आलं.

लगीन होऊन हितं शहापूरच्या बाजूला आली, सापगावापासून थोडं आत, तर सासूच्या घरात चूल धूर मारायची. सासू डोळे पुसत भाकऱ्या भाजायची. मी महिन्याभरात ती फोडली आणि नवी घातली, वैल, म्हणजे चुलीचं बाजूचं तोंड, जरा मागं घेतलं, धूर सरळ वर जायला लागला. सासू कुणाच्या तोंडावर कौतुक करनारी बाई नव्हे, पण तिनी शेजारच्या चार जणींना बोलवून चूल दाखवली. मंग काय, ज्याला त्याला सुमनच पायजे. कुणाची चूल, कुणाच्या मडक्याला तोटी, कुणाला जुन्या साड्यांचं पायपुसणं. दोन कुंड्या घ्यायच्या, एकीत एक ठेवायची, मधे वाळू भरायची आणि ती ओली ठेवायची, भाजी चार दिवस ताजी राहते, हे पन आमच्या आळीत पहिलं मीच केलं. आमचे हे वाशिंदला कंपनीत, सकाळी जातात ते संध्याकाळी येतात, बोलायचे, तुझं घर कमी आणि कारखाना जास्त. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, त्या बरं वाटण्यावर मी वीस वरसं काढली.

मंग धाकट्या दिराचं लगीन झालं आणि प्रणाली आली. वाशिंदची पोरगी, बारावी झालेली, बोलायला गोड, मला ताई ताई करायची. घर एकच, पण आमी चुली वेगळ्या केल्या, मधे जुनीच एक भिंत, अल्याड माझा सैपाक, पल्याड तिचा. भांडण नाय, तंटा नाय. पण तिच्या हातात मोबाईल. त्याच्यात बघून ती एकेक वस्तू करायला लागली. प्लंबरनी टाकलेले पाइपाचे तुकडे कापून ताटं उभी करायचं स्टँड केलं. तेलाचे रिकामे डबे रंगवून त्यात कोथिंबीर लावली. खिडकीच्या जुन्या जाळीची चमचे अडकवायची मांडणी केली. आणि करून झालं का त्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकायची, गाणं लावून.

काय सांगू तुमाला, आधी मी हसायची. बोलायची, पोरखेळ हाय. मंग बाया माझ्या अंगणातून सरळ पुढं तिच्या दारात जायला लागल्या. माझ्या दारावरनंच जावं लागतं ना, तर जाताना विचारायच्या, काय सुमन, बरी हायस ना, आणि पुढं निघायच्या. आतून हसण्याचा आवाज यायचा. मी इकडं पीठ मळता मळता थांबायची, काय बोलतात ते ऐकायची. एकदा सासूच बोलली, प्रणालीचं काम कसं सफाईदार असतं, नायतर आपलं सगळं मातीचं. आपलं बोलली ती, पण मला कुठं लागायचं तिथं लागलं. माझ्या चुलीवर तिनी वीस वरसं जेवन केलं, आणि आता मातीचं. त्या दिवशी मी भाकरी खाल्ली नाय.

त्यात तिनी काय काढलं, तर सैपाकघरात मोठी फळी लावायची. आमच्या मधल्या भिंतीला. तिनी कुणाकडून तरी ड्रिल मशीन आणलं, प्लायची जाड फळी, फळीखाली लावायचे लोखंडी कोने, स्क्रू, सगळं मांडून बसली आणि मला हाक मारली, ताई, जरा फळी धरता का.

आता ती भिंत. वरनं बघाल तर सिमेंटची, गुळगुळीत, रंग दिलेली. पण आत कारवीचा कूड. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी मी आणि सासूनी मिळून तो लिंपलेला, ह्या हातांनी. मागनं आमच्या ह्यांची नोकरी पक्की झाली तेव्हा दोनी अंगांनी जाळी ठोकून त्याच्यावर गिलावा केला. प्रणालीला हे ठाऊक असायचं कारण नाय. मला ठाऊक होतं. त्या भिंतीत स्क्रूला धरायला काय नाय, हे मला जेवढं ठाऊक तेवढं कुणालाच नाय.

मी फळी धरली. तिनी भोक पाडलं तर आतनं लाल माती भुरूभुरू खाली आली. ती थांबली. बोलली, ताई, माती येते, भिंत पक्की हाय ना.

मी बोलली, विटेची असंल ती, पाड तू भोक.

येवढंच. येवढंच बोलली मी. बोलताना माझ्या मनात काय होतं, तर फळी पडंल, तिची फजिती होईल, बाया बघतील, आणि मंग कुणीतरी बोलंल का सुमनला विचारायचं होतं. कुणाला लागंल असं मनात नव्हतं. पण फळी पडते तेव्हा खाली मानूस असतो, हे न कळण्याइतकी मी काय लहान नव्हती.

आठ दिवस फळी राहिली. तिनी तिच्यावर पितळेचे डबे ठेवले, लोणच्याच्या बरण्या, मिक्सर. व्हिडिओ टाकला. मी रोज अल्याडनं भिंतीला हात लावून बघायची, गिलाव्याला बारीक चीर पडली होती. चीर बघून पन मी गप. नवव्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होती आणि फळी कोसळल्याचा आवाज आला. धावत गेली तर प्रणाली खाली बसलेली, भोवती काचा, लोणचं, आणि उजवं मनगट तिनी डाव्या हातात धरलेलं. रडत नव्हती. बोलली, ताई, आत येऊ नका, पायाला काच लागंल.

मनगट मोडलं होतं. शहापूरला नेली, प्लास्टर घातलं. घरी आल्यावर मी दोनी घरचा सैपाक करायला लागली, तिची वेणी घालायची, तिला जेवायला द्यायची. बाया आल्या, जे मला ऐकायचं होतं तेच बोलल्या, मोबाईलवर बघून कुठं कामं होतात काय, सुमनला विचारायचं. आणि प्रणाली सगळ्यांना सांगायची, माझंच चुकलं, मीच नीट बघितलं नाय. मला वाटलं होतं हे ऐकून पोटात गार पडंल. काय पडलं नाय.

पाचव्या दिवशी मी भांडी घासत होती, सासू मागं येऊन उभी राहिली. बोलली, सुमन, ती भिंत तू आणि मी लिंपली ना गो. मी हो बोलली. ती बोलली, मंग तू फळी कशी धरलीस. आणि आत निघून गेली. कुणाला सांगितलं नाय तिनी, आजपरेंत नाय.

त्याच दुपारी मी प्रणालीकडं गेली. ती एका हातानी लसूण सोलायला बघत होती. मी समोर बसली आणि सगळं सांगितलं, कूड सांगितला, विटेची बोलली ते खोटं बोलली सांगितलं, चीर सांगितली. का केलं ते पन सांगितलं. सगळ्या बाया तुझ्याकडं येतात, ते मला बघवत नाय, असं तोंडानी बोलली. तिनी लसूण खाली ठेवला. मंग बोलली, ताई, उद्यापासून माझं जेवन नका करू.

महिनाभर ती बोलली नाय. भिंतीपल्याड भांडं वाजलं का मी ऐकत बसायची, एका हातानी कशी करत असंल. हातांनी करायचं ते सगळं करणारी मी, पण हे जोडायचं कसं ते मला येत नव्हतं.

प्लास्टर कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. हात बारीक झालेला. बोलली, फळी परत लावायचीय, भिंतीला नको, तुमी सांगा कशी. मी उठली. बोलली, भिंतीवर भार टाकायचाच नाय, जमिनीतनं दोन खांब उभे करू, सागाचे, आणि त्याच्यात खाचा पाडून फळ्या बसवू. दोन दिवस आमी ते केलं. ती मापं घ्यायची पट्टीनी, मी वितीनी, आणि दोन्ही मापं जुळली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मांडणी बघा हवी तर, आत हाय, दोन बाया लटकल्या तरी हलनार नाय.

तिनी व्हिडिओ काढला. त्यात माझे हात दिसतात, तोंड नाय, मीच नको बोलली होती. लोकांनी खाली लिहिलं, प्रणालीताई, किती छान. वाचून मी परत जळली. तुमी लिहून घेताय म्हणून सांगते, ती गोष्ट गेलेली नाय माझी. कुणी तिच्या दारात चप्पल काढली का माझं लक्ष अजून जातं.

आता गेल्या आठवड्यात वाशिंदच्या बायांच्या गटानी तिला बोलवलं, घरच्या घरी वस्तू कशा करायच्या ते शिकवायला. तिनी फोनवर सांगितलं, माझी जाऊ येणार असंल तर येते, चूल आणि मातीकाम तिच्यासारखं मला येत नाय. मी भिंतीच्या अल्याड उभी राहून ऐकलं. मला विचारलं नव्हतं तिनी, नुसतं सांगून टाकलं. आणि मी विचार केला, तिच्या जागी मी असती तर असं बोलली असती काय. नसती बोलली. माझ्या हाताला पाहिजे ते करता येतं, पण हे येत नाय. आता हेवा वाटतो तो ह्याचाच, आणि हा काय जायचा नाय बहुतेक.

उद्या जायचंय आमाला. माती भिजत घातलीय, तीन दिवस झाले, चांगली मुरलीय. तिचं बरं होवो, तिच्या हाताला यश येवो. हे मी मनापासून बोलते, थोडं दुखतं, पण मनापासून बोलते.