मैबूबबीचं अर्धं जातं

सरका जवळ. शेकोटीत काटूक टाका आन ऐका. संपत, दात काढू नगंस. गोष्ट सरली की घरापत्तूर सोबत तुलाच लागती, म्हाईत हाय मला.

आमची आजी, तान्हाबाई. एकदा अंधार पडल्यावर घरातनं निघाली. एकटी. सून अडलेली व्हती, म्हणजे माझी आई. सकाळपासनं कळा देत व्हती, आता वरडायचीबी ताकद उरली नव्हती. बाप्ये बैल इकायला जत्रंला गेलेले. गावात सुईण न्हाई, ती वढ्यापल्याडच्या वाडीत. आजीनं शेजारीण सुनंजवळ बसवली, सुईणीला द्यायची ज्वारी वटीत बांधली आन वढ्याची वाट धरली.

त्या वाटनं दिवसाबी कोण जात नव्हतं. का जात नव्हतं? सांगतो की. घाई करू नगा.

निजामाचं राज्य बुडालं ना, तवाची गोष्ट. फौज आली, रझाकार पळाले, गावचा पोलीसबी पळाला. जुनं राज्य गेलं आन नवं अजून गावात पोचायचं व्हतं. मधले ते दिवस. इचारणारं कुणी न्हाई. रझाकारांनी लई छळलेलं, न्हाई कोण म्हणतं? पण गावानं राग काढला कुणावर? मैबूबबी पिंजारणीवर. नवरा मेलेली बाई, कापूस पिंजायची, गाद्या भरायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्यांच्या लेकींच्या लग्नात तिनं गाद्या भरल्या तेच घुसले. हंडे नेले, गोधड्या नेल्या, दाराची फळी उचकटून नेली. जात्यावर तर दोघं एकदम पडले. मी घेतो, मी घेतो. शेवटी वरची तळी, म्हणजे वरचा दगड, एकानं नेली, खालची दुसऱ्यानं. आता अर्ध्या जात्यावर काय दळणार, कप्पाळ? पण लुटीच्या वक्ताला अक्कल कुणाला असती.

वरची तळी घेऊन आला तो माझा आजा. खालची कुणी नेली, ते कुणी बोललंच न्हाई.

आन लुटीआधी त्या जात्यावर रोज पहाटं दळायचं कोण? मैबूबबी आन माझी आजी. समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. ओवीची पहिली ओळ मैबूबबी म्हणायची, दुसरी आजी. लुटीच्या दिवशी आजी माहेरी व्हती. परत आली, तर मैबूबबी भावाच्या गावाला म्हणून रातोरात निघाली ती वढ्याच्या पुरात वाहून गेलेली. आन घरात मोरीपाशी ती तळी. आजीनं वळखली. लई दिवस आज्याशी बोलली न्हाई ती.

तवापासनं रातचं वढ्यात जातं वाजतं. रिकामं. म्हणून वाट बंद.

हां, तर आजी वढ्यात उतरली. घर्र. घर्र. कानावर पदर घेतला, चालली. आवाज फुडं. थांबली, तर आवाज मागं. मग हाक आली, "तान्हे." रातच्याला एका हाकंला ओ द्यायची नसती, ठावं हाय ना? आजी गप. चालली, चालली, आन परत मघाच्याच करंजाच्या झाडाशी. पुन्यांदा चालली. पुन्यांदा तेच झाड. चकवा लागला. तिकडं सून अडलेली आन इकडं पाय जाग्यावरच. आजीला रडू फुटलं.

तवा ओवी ऐकू आली.

"जात्याच्या खुंट्याला, हात गं दोघींचे..."

एवढंच. आन थांबली. दुसऱ्या ओळीची वाट बघत. आजी मला सांगायची, "लेकरा, भ्या वाटलं, पर त्याच्याहून जास्त जीव तुटला. किती वरसं तो आवाज कानावर नव्हता." आन तिच्या तोंडातनं ओळ निघून गेली.

"कोण निवडील बाई, पीठ कोणकोणाचे."

झालं. ओ दिल्यागतच झालं की. म्होरं मैबूबबी बसलेली. वल्लं लुगडं. जातं न्हाई, काही न्हाई, नुसती माती. हात हवेत फिरतोय आन आवाज येतोय, घर्र, घर्र.

"बस की समोर. एकटीला वढत न्हाई."

आजी बसाया वाकलीच. बसली असती तर उठली नसती. कशीबशी म्हणली, "मैबू, सून अडलीय गं. जाऊ दे."

"समदेच निघून जातात. माझी तळी कुठाय, तान्हे?"

खोटं बोलता आलं असतं. गाव बोलतच व्हतं. आजी म्हणली, "माझ्या घरात हाय. मोरीपाशी. आमी तिच्यावर पाय धुतो."

मैबूबबीचा हात थांबला.

दोघींचा एक नेम व्हता. दळण मधीच सोडून उठायचं झालं, तर उठणारीनं मूठभर दाणे घालून उठायचं. म्हणजे ती परत येणार. आजीनं वटी सोडली, मूठभर ज्वारी तिच्या हाताखाली ठेवली. "येते परत. तळी घिऊन येते."

मैबूबबी दाण्यांकडं बघत राह्यली. म्हणली, "बाळाच्या दुपट्याला कापूस मी पिंजला असता गं."

आजी पळत सुटली. झाड मागं राह्यलं. सुईणीला घिऊन त्याच वाटनं परत आली, तर तिथं ज्वारी न्हाई. मातीवर मूठभर पीठ. पहाटं मी झालो.

आजीनं माझं तोंड बघितलं, तळी डोक्यावर घेतली आन वढ्यात नेऊन ठेवली. मग दारोदार फिरली, खालची तळी द्या म्हणून. ज्याला इचारावं त्यो म्हणायचा, आमी न्हाई नेली. मरेपत्तूर इचारत राह्यली. पहाटं दुसऱ्या जात्यावर एकटीच दळायची. पहिली ओळ कधी म्हणली न्हाई. तेवढा वेळ गप बसायची, मग दुसरी म्हणायची.

वरची तळी अजून वढ्यात हाय. जातं अजून वाजतं, कारण खालची गावातच कुणाच्या तरी घरात हाय. म्हणून सांगतो, त्या वाटनं जाऊ नगा. ती मारत न्हाई, झोडत न्हाई, माझी तळी कुठाय एवढंच इचारती. आजीला ठावं व्हतं, म्हणून सुटली. तुमाला काय सांगता येणार हाय?

घरी जावा, आन उजाडल्यावर रांजण जरा सरकवून खालचा दगड बघा.

संपत, तुमचा रांजण कशावर ठेवलाय रे?