धुरीमामांची बॅटरी आणि खिंडीतला झोटिंग

ऐका. आणि दाराकडे बघणं थांबवा. तिकडे काही नाही. अजून तरी नाही.

आपले भार्गव धुरी अंधार पडल्यावर गाडी घेऊन निघाले. सकाळी भाचीचं लग्न. मामाच नसेल तर नवरीला बोहल्यावर कोण आणणार? उशीर झाला बॅटरीमुळे. जुनी मेली, नवी आणली. मामी म्हणाल्या, "आधी पूजा!" त्यांनी बॅटरीच्या दोन्ही टोकांना हळदकुंकू फासलं, वर अंगारा चोपडला. मामांनी त्यावरच वायरी आवळल्या. देवाचं कसं पुसायचं?

गाडी निघाली. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की इंजिन बंद!

खिंडीत रस्त्यात आडवी म्हैस. मामांनी ब्रेक दाबला. इंजिन गप्प, दिवे गुल. बघतात तर म्हैस नाहीच! तिथे एक धिप्पाड माणूस उभा, डोक्याला मुंडासं. तुम्ही ओळखलंत. मामांना फक्त धट्टाकट्टा माणूस दिसला.

"पुढे सोडता का?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. झोटिंगच तो! गाडीत बसला की मान धरायचा.

"सोडतो की! आधी जरा धक्का मारा."

झोटिंगाला असं कधी कोणी सांगितलं नव्हतं. मारला बिचाऱ्याने. इंजिन सुरू! आता, धक्का देणाऱ्याला मागे टाकून पळणं बरं दिसतं का? मामांनी पाय उचलला. "या, बसा!" बंद.

पुन्हा धक्का. पुन्हा "या, बसा". पुन्हा बंद.

झोटिंग खवळला. टपावर नाचला. ताडाएवढा झाला. मामा म्हणाले, "उंच झालात, बरं झालं. आता जोर लागेल." आणि मग त्यांची नजर खाली गेली. पावलं उलटी!

अरे देवा! पळायचं तर गाडी हवी, आणि गाडी ढकलायला तोच हवा!

"भाची बोहल्यावर खोळंबेल हो!" मामा रडकुंडीला आले.

"मग धड गाडी आणायची!" झोटिंग गरजला. "उलट्या पावलांनी ढकलून पोटऱ्या भरून आल्या माझ्या!"

त्याने बॉनेट उचललं, आत हात घातला आणि किंचाळत मागे उडाला. "अंगारा? वायरीखाली? वीज जाणार कुठून, शहाण्या? मला शिवता येत नाही. तूच पूस!"

मामांनी फडक्याने टोकं पुसली, वायरी आवळल्या. चावी फिरवली. इंजिन संथ घुमू लागलं. पाय उचलला, तरी चालूच!

झोटिंग दात विचकत दार उघडून आला. भीतीने मामांचं डोकं चालेना, पण सवय कुठे जाते? "या, बसा," म्हणत त्यांनी त्याच फडक्याने सीट झटकली. झोटिंग टेकला मात्र, आणि भाजल्यासारखा बोंबलत बाहेर पडला! मामांनी गाडी जी हाणली, ती मांडवातच थांबवली.

मागून आवाज आला होता, "पुन्हा या वाटेला येऊ नकोस रे, बाबा!"

तेव्हा ऐका. खिंडीची वाट रात्री धरू नका. तुमचं काय व्हायचं ते होईल, पण त्याच्या पोटऱ्या अजून दुखतात म्हणे.